पूर्वेच्या कोपऱ्याची धार

अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगीसमोर माणूस उभा राहिला की आधी बोटानं मजले मोजतो आणि मग नाक मुरडतो. "काय खुराडं बांधायलेत की रं!" म्हणतो आणि गाडी सुरू करून निघून जातो. चाळीस वर्षं हे ऐकत आलो. पहिल्यांदा राग यायचा, पुढं येईनासा झाला, कारण त्या दिवशी तो म्हणतो ते खरंच असतं. सळ्या वर आलेल्या, विटांवर सिमेंटचे ओघळ, खिडक्यांच्या जागी काळी भोकं. हळदीच्या दिवशी नवरीला बघून कुणी रूप ठरवू नये, तसं हे आहे. पण लोक ठरवतात, आणि त्या ठरवण्यानं कधी कधी एखाद्याचं आयुष्य इकडचं तिकडं होतं.

माझं काम बाहेरच्या गिलाव्याचं, म्हणजे प्लास्टरचं. मूळ गाव कुरुंदवाडजवळ. घरात अव्वा, म्हणजे आई, कानडी बोलायची, दारात मराठी, त्यामुळं मजले मी अजूनही मनात कानडीतच मोजतो, ओंदु, एरडु, मूरु. कोल्हापुरात आलो तेव्हा तीन मजल्यांची इमारत म्हणजे उंच. पुढं शहर वर वर जात राहिलं आणि त्याच्याबरोबर मीही. आतल्या गिलाव्याला थोडं इकडंतिकडं चालतं. भिंतीला पोट आलं तर कपाट लावा, नाहीतर कॅलेंडर टांगा. बाहेर कॅलेंडर कुठं टांगणार? बाहेरचा गिलावा वरून खाली येतो. गच्चीपासून सुरुवात करायची आणि एकेक मजला उतरत जमिनीला लागायचं. म्हणजे आम्ही कामाला लागतो ते आभाळापासून.

कोल्हापुरातच बावड्याच्या बाजूला चौदा मजल्यांची एक बिल्डिंग उभी राहत होती, ही तिचीच गोष्ट. सगळीकडून हिरव्या जाळीत गुंडाळलेली. वारं सुटलं की जाळी फुगायची आणि बसायची, जसं काही आत कुणीतरी झोपलंय आणि श्वास घेतंय. थंडीतल्या सकाळी मी गच्चीवर जायचो तेव्हा खाली शहर नसायचंच. सगळं धुकं. पंचगंगा दिसायची नाही, पण ती कुठून वळते ते धुक्याच्या जाडीवरून कळायचं. त्यातून जोतिबाचा डोंगर वर आलेला, पाण्यातून म्हशीनं डोकं काढावं तसा. कुठल्यातरी गुऱ्हाळावरचा गुळाचा वास इतक्या वर यायचा. खालच्या रस्त्यावरचा गाड्यांचा आवाज दुसऱ्याच कुठल्यातरी गावातून येतोय असं वाटायचं. मी तिथं बसून भाकरी खायचो. धुकं हल्ली दुपारपर्यंत हटत नाही, असं मला त्या वर्षी वाटत होतं. मी ते बायकोला बोललोही. ती म्हणाली, "मला न्हाय दिसत कुठं धुकं." मी हसलो. घरात बसणाऱ्या बाईला काय कळणार, असं मनात म्हणालो.

बिल्डिंगीचं चित्र काढलं होतं तेजश्री मॅडमनी. वय तिशीचं. वारणानगरच्या कामगार वसाहतीत वाढलेली मुलगी. मला "आण्णा" म्हणायची. एवढी उंच इमारत तिनं पहिल्यांदाच काढली होती. तिच्या चित्रात नटवेपणा काहीच नव्हता. खोल गॅलऱ्या, मातकट रंग, आणि पूर्वेच्या कोपऱ्याला एकच उभी धार, जमिनीपासून गच्चीपर्यंत कुठं न तुटता गेलेली. धार म्हणजे दोन भिंती मिळतात ती कड. पहिल्या दिवशी तिनं मला कागदावर ती बोटानं दाखवली. म्हणाली, "आण्णा, लहानपणी आमच्या खिडकीतून साखर कारखान्याचं धुराडं दिसायचं. सकाळी त्याच्या एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली. मधली रेघ बघत मी दात घासायची. तेवढी रेघ मला पाहिजे. बाकी काही नको."

मला ते पटलं. एवढी लांब धार काढायची म्हणजे मिस्त्रीची परीक्षाच, आणि परीक्षा द्यायची मला हौस.

आमचे दादा, म्हणजे बिल्डर, मनानं सरळ माणूस, पण कानाचा हलका. लोक त्यांना रस्त्यात गाठून सांगायचे, "दादा, बिल्डिंग गोडाऊनसारखी दिसायलीय." त्यांचा चेहरा पडायचा. ते मला विचारायचे, "मिस्त्री, खरं सांगा, कशी दिसतीय?" मी म्हणायचो, "दादा, अजून ती दिसायलाच लागली न्हाय."

बघायला येणाऱ्यांत एकच माणूस मला शहाणा वाटला. पेठ वडगावचे दौलूतात्या. आयुष्यभर म्हशींचा व्यापार केलेला, पटका बांधणारा. मुलासाठी फ्लॅट घ्यायचा होता. बाकी सगळे लोक पुढच्या फाटकात उभे राहून बघायचे. तात्या आले ते सरळ मागच्या बाजूला गेले, जिथं सांडपाण्याचे पाईप उतरतात. मी म्हटलं, "पावणं, तिकडं काय न्हाय." ते म्हणाले, "पुढनं कोणबी नटतंय, मिस्त्री. जनावर मागनं बघावं, आणि उन्हात चालवून बघावं." मग मला विचारलं, "हिला ऊन कुठनं येतंय सकाळी?" मी पूर्वेचा कोपरा दाखवला. "मग मी सकाळचा येतो," म्हणाले आणि गेले.

हे आमच्या धंद्यातलं मर्म होतं आणि त्या माणसाला ते न शिकता कळलं होतं. भर दुपारी सगळे गिलावे सारखेच दिसतात. सकाळचं तिरपं ऊन भिंतीला घासून जातं, तेव्हा थापीचा एकेक फटकारा, एकेक खड्डा सावली टाकून चुगली करतो.

माघात दादांनी एकदम ठरवलं. पाव्हण्यांपैकी कुणीतरी त्यांना मोबाईलवर दुसऱ्या शहरातली एक बिल्डिंग दाखवली होती. निळी काच आणि मधूनमधून सोनेरी पत्रे. दादा साइटवर आले आणि मॅडमना म्हणाले, "कोपऱ्याला काच लावून टाकू. तुमची ती रेघ कुणाला कळायची न्हाय."

मॅडम हातातलं चित्र गुंडाळायला लागल्या. गुंडाळताना कागद एका बाजूनं तिरका जायचा, त्या परत उलगडून परत गुंडाळायच्या. मला एक जुनी गोष्ट आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मालकानं एका साध्या, देखण्या घराच्या दर्शनी भागावर माझ्याच हातानं सिमेंटची कमळं बसवून घेतली होती. ती बसवताना मला कळत होतं की घर बिघडतंय. मी बोललो नाही. हुकूम मालकाचा, हात माझा. त्या रस्त्यानं आजही मी जात नाही.

म्हणून त्या दिवशी मी तोंड उघडलं. "दादा, पंधरा दिवस द्या. मी पूर्वेची धार पुरी करतो, गच्चीपासून खालपर्यंत. तेवढ्या पट्ट्यातली जाळी काढू. सकाळच्या उन्हात बघा आणि मग ठरवा. न्हाय आवडली तर काच लावा, मीच भोकं पाडून देतो."

दादांनी माझ्याकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. "पंधरा दिवस. जादा न्हाय."

माझा जोडीदार युनूस. वीस-बावीस वर्षं आम्ही एकाच झुल्यावर उभे राहिलो. झुला म्हणजे दोरांवर लोंबकळणारी फळी, बिल्डिंगीच्या अंगावरून वर-खाली करणारी. युनूस बोलायला कमी. मी कड ओढून पुढं सरकलो की तो मागून ओला ब्रश फिरवत यायचा, कुठं लाकडाची पट्टी मारायचा. मला वाटायचं, याला स्वच्छतेची फार आवड.

धार काढायची रीत साधी आहे. गच्चीवरून बारीक तार सोडायची, खाली तिला जड वजन बांधायचं आणि ते वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं, म्हणजे तार झुलत नाही. मग प्रत्येक मजल्यावर तारेपासून कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. सगळीकडं तेवढंच भरलं की धार सरळ. यात हुशारी काही नाही. तारेचं ऐकायचं, एवढंच.

पहिले पाच-सहा दिवस झुला बांधण्यात आणि कोपरा तासण्यात गेले, मग चौदापासून अकरापर्यंत आम्ही दोघांनी काढली. वर दिवस कसे जायचे कळायचं नाही. ओल्या सिमेंटचा गार वास, खाली उसाची हिरवी-राखाडी चादर, अधूनमधून झुल्याला भिडून जाणाऱ्या घारी. एक घार तर इतक्या जवळून जायची की तिचे डोळे दिसायला हवेत, पण मला नुसता पिवळा ठिपका दिसायचा. मला ते सगळं स्वप्नासारखं वाटायचं आणि खरं सांगतो, मी सुखात होतो. उतारवयात माणसाला अशी एक लांब रेघ ओढायला मिळावी, आणखी काय पाहिजे?

मग युनूस चार दिवस गावी गेला. मुलीचा साखरपुडा होता. जाताना म्हणाला, "आण्णा, मी येईपर्यंत धार काढू नका. सपाट भाग उरकून घ्या." मी म्हटलं, "अरे, पंधरा दिवसांतले आठ गेले. तू जा." तो झुल्याच्या दोराला हात लावून जरा वेळ थांबला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी वारं सुटलं. तार बादलीसकट हलायला लागली. खालून मॅडमनी फोन केला, "आण्णा, वारं आहे, आज थांबायचं का?" मी म्हटलं, "मॅडम, चाळीस वर्षं धार काढतोय. तार नसंल तर नजर हाय." वरच्या गड्याला तार गुंडाळायला लावली आणि दहावा-नववा मजला नुसत्या नजरेनं काढला. वर बघितलं, खाली बघितलं. मला रेघ सरळ दिसत होती, धुक्यात शिरत जाणारी, देवळाच्या दीपमाळेसारखी. वारं पडलं तसं आठव्यापासून परत तार सोडली. युनूस आला तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर होतो. नववा-दहावा त्यानं बघितलाच नाही. तिथं परत जाळी ओढलेली होती.

रविवारी सकाळी जाळी सोडली. दादा होते, मॅडम होत्या, आणि बोलल्याप्रमाणं सकाळचे दौलूतात्या आले होते. गड्यांनी वरून दोर सैल केले आणि हिरवं कापड हळूहळू खाली सरकत आलं. त्यामागून माझी धार निघाली. एका बाजूला ऊन, एका बाजूला सावली. मी मॅडमकडं वळलो, की ती आता हसेल.

ती हसत नव्हती. दादा म्हणाले, "हे काय?"

तात्या कपाळावर हात धरून बघत होते. सावकाश म्हणाले, "मिस्त्री, जनावर देखणं हाय, पर बरगडीत गाठ हाय की वो. ती बघा, वरनं पाचव्या घराला."

मी बघितलं. मला काही दिसेना. सरळ रेघ होती. "कुठं हाय गाठ?" मी जरा जोरातच बोललो.

दादांचा आवाज चढला. "मॅडम, म्हणूनच म्हणत होतो. असली रेघ आपल्याकडच्या माणसांना जमायची न्हाय. चित्रात सोपं असतंय. काच लावली की सगळं झाकतंय."

मॅडमनी मोबाईलमध्ये फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि माझ्यासमोर धरला. डोळ्याजवळ धरल्यावर मला दिसलं. वरून सरळ येणारी धार दहाव्या मजल्याला बाहेर निघाली होती, नवव्यावर पोट सुटल्यासारखी फुगली होती आणि आठव्याला एकदम आत येऊन परत सरळ. मी मान वर केली. सरळ. फोटोत बघितलं. वाकडी. मग मी उजवा डोळा हातानं झाकला, आणि बिल्डिंगच गेली. नुसतं दूध सांडल्यासारखं पांढरं. डावा झाकला, तर बिल्डिंग होती, पण तिच्या कडा विरघळलेल्या, शाईवर पाणी पडावं तशा.

भर उन्हात उभा होतो मी. धुकं कुठंच नव्हतं.

दादांनी माझ्या दंडाला धरलं. मला वाटतं त्यांना माझी कीव आली असावी. हळूच म्हणाले, "मिस्त्री, काँक्रीटच वाकडं आलंय का? तसं असलं तर सांगा. तुमच्यावर कशाला?"

हा दरवाजा त्यांनी मला उघडून दिला होता. काँक्रीट ओतणारा कधीच काम संपवून गेला होता. तपासायला कोण जाणार होतं? मी हो म्हटलं असतं तर माझी अब्रू राहिली असती आणि कोपऱ्याला काच बसली असती. हे सगळं मनात यायला किती वेळ लागला ते मला आठवत नाही. मॅडमच्या पायांत पिवळ्या पट्ट्याच्या चपला होत्या, एवढं आठवतं.

"न्हाय दादा," मी म्हटलं. "काँक्रीट सरळ हाय. चित्रबी बरोबर हाय. तार सोडून मी नजरेनं काढली, आणि नजर ऱ्हायली न्हाय, ते मला आत्ता कळलं. मॅडमचा काय दोष न्हाय."

तात्यांनी घसा खाकरला. "दादा, तेवढी गाठ काढा. बाकी वरनं खालपतूर बघा की, कशी चाललीया! मी नववाच मजला घेतो, ह्याच कोपऱ्याचा. हाय का कबूल?"

दादा बराच वेळ वर बघत राहिले. मला वाटतं, त्यांनी बिल्डिंग त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. तोवर ते लोकांचीच तोंडं बघत होते. शेवटी म्हणाले, "दोन मजले फोडा आणि परत काढा. काचेचं नंतर बघू." ते नंतर कधी आलंच नाही.

सोमवारी युनूसला मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मग मला कळलं.

"तुला म्हाईत होतं?"

"व्हय आण्णा."

"कधीपास्नं?"

"झालं की दीड-दोन वर्स. तुम्ही कड ओढून पुढं गेला की मी मागनं सरळ करत होतो."

इतके दिवस ज्याला मी स्वच्छतेची आवड समजत होतो, ते हे होतं. मला भयंकर राग आला. "मग बोलला का न्हाईस? चारचौघांत माझं असं झालं!"

त्यानं खाली बघत सिमेंटचा एक खडा पायानं सारला. "बोलणार होतो. रोज बोलणार होतो. पर तुम्ही वर बसून भाकरी खाताना डोंगराकडं बघत काय काय सांगायचा, कसं तरंगतंय, कसं दिसतंय. मला ते दिसायचं न्हाय तसं. वाटायचं, आजच्या दिवस ऱ्हाऊ दे." मग म्हणाला, "चुकलं माझं. मॅडमचं काम गेलं असतं त्यात."

"तुझं न्हाय," मी म्हटलं. पण हे म्हणायला मला दुपार लागली.

ते दोन मजले युनूसनं काढले. वारं पडेपर्यंत थांबून, तार सोडून. मी खाली बादलीजवळ स्टुलावर बसलो आणि तार हलू दिली नाही. माझ्या धंद्यातलं ते शेवटचं काम. त्यानंतर दादांना मी सांगितलं की पुढची सगळी बाहेरची जबाबदारी युनूसकडं द्या. तो नको म्हणत होता. दादांनी ऐकलं नाही.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, डावा पुरता पिकलेला. डॉक्टरीणबाई रागावल्या, "इतके दिवस काय करत होता आजोबा?" मी काय सांगणार? स्वप्न बघत होतो म्हणून? पट्टी सुटली त्या दिवशी रिक्षातून घरी येताना मला डोळे मिटूनच घ्यावेत असं झालं. शहरभर माझी कामं. एका भिंतीवर लाटा, एका छज्ज्याची कड तिरकी. गेल्या दोन वर्षांत ज्या ज्या दिवशी युनूस सोबत नव्हता ते दिवस मला भिंतीवरून ओळखता येत होते. बायको म्हणाली, "पाणी का येतंय डोळ्याला? औषध घालू?" मी म्हटलं, नको. तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिचे केस कधी पिकले, तेही मला माहीत नव्हतं.

बिल्डिंगीला आता लोक राहायला आलेत. रंग मॅडमनी सांगितला तसाच मातकट आहे. पहिल्यांदा स्वच्छ नजरेनं बघितली तेव्हा, लपवत नाही, मला थोडी हुरहुर लागली. झुल्यावरून मला दिसायची ती अधिक उंच होती, अधिक हलकी होती, तिला खाली जमीन लागत नव्हती. ही बिल्डिंग आहे. हिच्या गॅलऱ्यांत गाद्या वाळत पडतात, एसीचं पाणी ठिबकतं. पण सकाळी साडेसातच्या सुमाराला फाटकासमोर उभं राहिलं की ऊन आणि सावली एका रेघेवर भेटतात, आणि कामाला जाणारे लोक क्षणभर वर बघतात. का बघतोय ते त्यांना ठाऊक नसतं. मॅडमनी मला फोनवर विचारलं, "आण्णा, कशी दिसतेय?" मी म्हटलं, "आता दिसाय लागली."

मागच्या महिन्यात दौलूतात्यांनी चहाला बोलावलं. नववा मजला, पूर्वेचा कोपरा. मुलाचा संसार लागलेला, तात्या म्हशी विकून अधूनमधून येऊन राहतात. चहा झाल्यावर मला गॅलरीत नेलं आणि म्हणाले, "मिस्त्री, ती गाठ नेमकी कुठं व्हती, दाखवा की. मी रोज हुडकतोय, सापडत न्हाय."

मी कठड्यावरून हात बाहेर काढून धारेवर ठेवला. वरपासून खालपर्यंत हात पोचेल तिथवर बोट फिरवलं. जुना गिलावा आणि नवा गिलावा जिथं मिळतो तिथं बारीक का होईना रेष राहते, रंगाखालूनही बोटाला कळते. मी डोळे मिटून बघितलं, उघडे ठेवून बघितलं. काही लागलं नाही. युनूसचा हात होता तो.

तात्या हसले. "मग नव्हतीच म्हणा की!"

"व्हती, तात्या," मी म्हटलं. "हितंच व्हती. मी काढलेली."